पिंजरा टेकेपर्यंत

ऐंशीच्या दशकात मी नागपुरात एका लहानशा इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात नोकरीला होतो. शहराबाहेरच्या मँगनीजच्या खाणीसाठी मी एक डबा बनवला. कामगारांना खाली नेणारा पिंजरा किती फूट उतरला, ते त्यावर आकड्यांत दिसायचं. डब्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि माझ्या डोक्यात हवा.

एके दिवशी पिंजरा चालवणाऱ्या काकांनी आत आठ माणसं असताना तो मधेच करकचून थांबवला. म्हणाले, आकड्याने उडी मारली. आम्ही दहा फेऱ्या करून पाहिल्या, उडी काही दिसेना. मॅनेजरने विचारलं तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "यंत्र चुकत नाही." मग काका पिऊन आले होते असंच ठरलं. चौकशी लागली, त्यांच्याकडून माणसांची ने-आण काढून घेतली, फक्त मालाच्या फेऱ्या ठेवल्या. मला त्याचं काहीच वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

दोन आठवड्यांनी चौकशीसाठी मला बोलावलं. जमिनीवरच्या यंत्रघरात काका पिंजरा खाली सोडत असतानाच मी विचारलं, "काका, नेमका आकडा काय होता?" त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मला राग आला. पिंजरा तळाला टेकला, त्यांनी ब्रेक लावला आणि मग वळले.

"हां, आता बोला साहेब. पिंजरा चालू असला का मी कोणाचंच आयकत नाही. दोनशे पंचावन्न होते, एकदम पाचशे अकरा दिसले. खाण चारशे फूट! थांबू नाही तं काय करू?"

तो आकडा ऐकताच चूक माझ्या लक्षात आली. हा प्रोसेसर दोनशे पंचावन्नपर्यंतचा आकडा मेमरीच्या एका घरात ठेवतो, पुढे दुसरं घर लागतं. मी ती दोन घरं दोन वेगळ्या आज्ञांनी वाचत होतो. आणखी एक फूट उतरल्याचा इशारा आला की प्रोसेसर हातातली आज्ञा पुरी करतो आणि लगेच मोजणी एकने वाढवायला धावतो. क्वचित तो इशारा नेमका माझ्या दोन आज्ञांच्या मधे यायचा. मग एका घरातले जुने दोनशे पंचावन्न आणि दुसऱ्यातले नवे दोनशे छप्पन्न एकत्र होऊन पाचशे अकरा दिसायचे. दोन्ही घरं एका दमात वाचणारी आज्ञा प्रोसेसरमध्ये होतीच. ती चालू असताना त्यालाही कोणी हटकू शकत नाही, काकांसारखंच.

मी ती आज्ञा घातली आणि चूक माझी होती, काका प्यायलेले नव्हते असं मॅनेजरला लिहून दिलं. काकांना तो कागद दाखवला तेव्हा वाटलं, आता शिव्या बसणार.

"याची एक कापी मले द्या न," ते म्हणाले. "घरी दाखवाले पाह्यजे. पंधरा दिवस झाले, पोरगी माह्याशी बोलून नाही राहिली."