विहाराच्या भिंतीवरची काच

“सर, काच तुटली. आता सही करा.”

किन्हवलीजवळच्या एका वाडीतल्या बुद्धविहाराच्या दारात मी चपला काढत होतो. कमिटीचे अध्यक्ष नरेशभाऊ इमारत धोकादायक असल्याचा रिपोर्ट टाइप करूनच उभे होते. फक्त माझी सही बाकी होती.

मी इंजिनिअर. सारी नोकरी सरकारी इमारती तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या वास्तू जपू पाहणाऱ्या मंडळींना फुकट सल्ला देतो. फुकट असला तरी सल्ला खराच देतो, हे लोकांना पचायला जरा वेळ लागतो.

हा विहार दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीने स्वतःच्या हातांनी बांधलेला. काळा दगड, चुना, सागाचे वासे, वर कौलं. वाडीतल्याच शिक्षिका प्रज्ञाताईंनी चार जणांना हाताशी धरून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या, विहाराची मापं घेतली होती. मागच्या भिंतीला भेग पडली तेव्हा मला बोलावणं त्यांचंच. नरेशभाऊंना मात्र त्या जागी स्लॅबचा हॉल हवा होता. त्यांचंही चूक नव्हतं. लग्नकार्याला वाडीत जागा नाही, भर पावसात मांडव घालावा लागतो. हॉलला मंजुरी मिळत होती. अट एकच, जुनी इमारत धोकादायक असल्याचा इंजिनिअरचा दाखला.

भेगेचं कारण सापडायला मला फार वेळ लागला नाही. गटाराचं पाणी वर्षानुवर्षं कोपऱ्यात पायाखाली मुरत होतं. पाया दबला आणि भिंत फाटली. प्रज्ञाताईंच्या मंडळींनी श्रमदानाने चर खणून ते पाणी दुसरीकडे वळवलं. आता प्रश्न एवढाच होता की भिंत थांबली, का अजून हलतेय?

त्यासाठी आम्ही टेल-टेल लावतो. नाव भारी, वस्तू साधी. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं प्लॅस्टरने भिंतीला पक्की करायची. काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी वाढली तरी ती तडकते. मी कमिटीसमोर शब्द दिला होता की पावसाळाभर काच टिकली तर दुरुस्ती करू, तडकली तर मी स्वतः सही करीन.

आणि ती तुटली होती. प्रज्ञाताई भिंतीपाशी पडलेल्या चेहऱ्याने उभ्या होत्या.

मी चष्मा पुसला आणि टॉर्च मारला. भिंत हलून काच तुटते तेव्हा तडा भेगेच्या रेषेत जातो आणि दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. इथे भेग मधोमध होती आणि काचेचा टवका उडाला होता एका टोकाला. सगळे तडे त्या टवक्यापासून फाकलेले.

“ही भिंतीनं तोडलेली नाही,” मी म्हणालो. “हिला काहीतरी लागलंय.”

नरेशभाऊ तापले. “म्हंजे आमी फोडली म्हणता?”

मी तसं म्हणालो नव्हतो, पण माझ्या आवाजात ते असणार. कमिटी एकीकडे, प्रज्ञाताईंची माणसं दुसरीकडे, आणि सगळे एकदम बोलायला लागले. तेवढ्यात विहाराची झाडलोट करणाऱ्या सोनाबाई खांबाला धरून उठल्या. लहानपणी आईबरोबर याच भिंतीचे दगड त्यांनी डोक्यावरून वाहिले होते.

“नरेश, कोणी कोणावर आळ घेऊ नका रे. काच माज्या हातनं फुटली. पौर्णिमेला जाळ्या काढत होते, झाडूची काठी लागली.”

“मग आजी, बोलली का नाय?”

“कशी बोलू? मला वाटलं, त्या काचेनंच भिंत धरून ठेवलीय. आता विहार पडला तर तो मीच पाडला. रोज सकाळी येते नि भिंतीला हात लावून बघते, हाय ना जागेवर.”

मी त्यांना खाली बसवलं, शेजारी बसलो आणि सांगितलं, काच भिंतीला धरत नाही, ती फक्त भिंतीची चुगली करते. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

नरेशभाऊंनी रिपोर्टची घडी घालून खिशात टाकली. “लावा दुसरी काच. अजून एक पावसाळा बघू.”

दुसरी काच पुढचा पावसाळा सरेपर्यंत जशीच्या तशी राहिली. मी रिपोर्ट लिहिला, भिंत स्थिर आहे, भेग चुन्याने भरावी. हॉल आता शेजारच्या मोकळ्या जागेवर होतोय. त्यासाठी तालुक्याला खेटे घातले ते नरेशभाऊंनीच.

टेल-टेल म्हणजे काय, हे मी कमिटीला अगदी चित्र काढून समजावलं होतं. सोनाबाई तेव्हा बाहेर अंगण झाडत होत्या. हल्ली कुठेही काच लावायची असली की अध्यक्ष कोण, सेक्रेटरी कोण, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, इथे झाडू कोण मारतं?