इंचातली गाडी

मामांनी साताऱ्याहून फोन करून विचारलं, "तुला गाडी हवी का?" मला वाटलं, त्यांची ती रोजच्या वापरातली पांढरी गाडी. माझी अकरा वर्षांची झाली होती, मी लगेच हो म्हणाले. मग ते म्हणाले, "येताना टेम्पो घेऊन ये. चालत यायची नाही ती."

तेव्हा कळलं की लाल गाडीबद्दल चाललंय. विलायती, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नसलेली, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायचं म्हणजे पंगतीत पाटावर बसल्यासारखं. माझ्या लहानपणी मामा तिच्यातून यवतेश्वरच्या घाटात फेरी मारायचे आणि परत आल्यावर इंजिन कसं "लावून घ्यावं लागतं" यावर आम्हा भाच्यांना तासभर ऐकवायचे. आता गाडी शेडमध्ये धूळ खात होती. त्यांची दोन्ही मुलं पुण्यात, त्यांना क्लच दाबायचाही कंटाळा.

"पण मीच का?" मी विचारलं.

"माझ्या तोंडात पंधरा वर्षं हात घालतेस तू. कधी दुखलं नाही. तुझ्या हातात आहे काहीतरी."

मी दातांची डॉक्टर आहे. सांगलीत विश्रामबागेत खाली दवाखाना, वर घर. मामांची अट एकच होती. साडेचार महिन्यांनी त्यांना एक्याऐंशी पूर्ण होणार होती. त्या दिवशी गाडी स्वतःच्या इंजिनावर साताऱ्याला आली पाहिजे.

दातांच्या डॉक्टरला हत्यारांचं वेड असतंच. गाडी टेम्पोतून उतरली त्याच संध्याकाळी मी मोबाइलवरून पान्यांची पेटी मागवली. एकशे आठ नग, प्रत्येकाला निळ्या स्पंजात आपापली जागा. नवऱ्याने पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, "आपल्या लग्नात एवढी भांडी आली नव्हती."

रविवारी मी पहिल्या नटाला हात घातला. बारा नंबरचा पाना शिरेना. तेराचा जवळजवळ बसला. मी त्या जवळजवळवर विश्वास ठेवून जोर लावला आणि पाना गर्रकन फिरला. नट होता तिथेच होता, फक्त त्याचे सहाही कोपरे गेले होते. दुसऱ्या नटाचंही तेच. तिसऱ्याला मी हात लावला नाही, तेवढी अक्कल तोवर आली होती.

नवरा कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. तो म्हणाला, "बलाची भुजा बरोबर होती. संपर्क कमी पडला." मी त्याला वर पाठवलं.

मंगळवारी माझ्या खुर्चीत मिरज रस्त्यावरचे एक मिस्त्री होते. सत्तरीचे, स्वतःची लेथ आणि गॅरेज असलेले, सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. त्यांच्या दाढेचं काम चालू होतं. मी सुई देऊन वाट बघत थांबले होते, तर ते बधिर झालेल्या तोंडाने म्हणाले, "डाक्टरीणबाई, नखात काळं कशाचं?"

सकाळपासून तीन वेळा हात घासले होते, वरून हातमोजे घातले की दिसत नव्हतं. नेमके तेवढ्यात काढलेले. मी सगळं सांगितलं. चाचा तोंडातला कापूस सांभाळत उठले आणि थेट मागच्या पोर्चमध्ये गेले. गाडीभोवती एक फेरी मारली, ते दोन नट पाहिले आणि चुकचुकले, जसं मी लोकांचे दात पाहून चुकचुकते तसं. मग पेटी पाहिली.

"लय झ्याक हाय. कुणाच्या लग्नात आहेर म्हनून द्या."

"म्हणजे?"

"आवं बाई, ही गाडी इंचातली हाय. हितं मिलिमीटरचा पाना चालत न्हाई. अर्ध्या इंचाच्या नटाला तुमी तेरा नंबर लावला व्हय? मग त्यो कोपरं खानारच की."

पुढच्या रविवारी ते मला मिरजेच्या जुन्या बाजारात घेऊन गेले. तिथे एका ताडपत्रीवर लोखंडाचा ढीग होता. चाचांनी खिशातून एक अर्धा इंची बोल्ट काढून माझ्या हातात दिला. "घालून बगा. हलला तर टाका. आन् तोंड बगा पान्याचं. तोंड बगायचं तुमाला मी काय शिकवू?"

खरंच, ते मला येत होतं. कुणाचा जबडा वासलेला, कुणाची कड झिजलेली, कुणाला कधीतरी हातोडीने ठोकून परत जवळ आणलेलं. दीड तासात मी सात पाने निवडले, सगळे वेगवेगळ्या घरचे. चाचांनी त्यातला एक परत ढिगात टाकला. "ह्याला चीर हाय," ते म्हणाले. मला दिसली नव्हती, आणि मी चिरा बघूनच पोट भरते.

नव्या वस्तू त्यांनी मोजक्याच घ्यायला लावल्या. प्लगचा लांब पाना. फीलर गेज, म्हणजे पात्यांचा एक छोटा पंखा, ज्याच्या प्रत्येक पात्याची जाडी ठरलेली असते आणि ते फटीत सरकवून फट मोजायची. टायमिंग लाइट, जो ठिणगीबरोबर लुकलुकतो आणि इंजिनाच्या फिरत्या चाकावरची खूण थांबल्यासारखी दाखवतो. आणि शेवटचं म्हणजे गवंडी लेव्हल बघायला वापरतात त्या पारदर्शक नळीचा हातभर तुकडा. तो कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या काही आठवड्यांत चाचांनी बिघडलेले नट काढले, टाकी धुतली, तेल बदललं, आणि गाडी सुरू झाली. खोकत होती, पण सुरू होती. मग ते चार दिवस लेकीकडे गेले आणि मी ठरवलं की आता बाकीचं आपणच करावं.

मी आधी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले, कारण ते वरच होते. मग टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ जुळवली. मग लक्षात आलं की पॉइंट राहिलेच. पॉइंट म्हणजे ठिणगी सोडणारी छोटी उघडझाप. त्यांची फट मी पात्याने अगदी काटेकोर लावली. समाधानाने हात पुसले. किल्ली फिरवली.

असा बार उडाला की समोरच्या गुलमोहरावरचे सगळे कावळे उठले. शेजारच्या काकांनी गॅलरीतून ओरडून विचारलं, "कोण निवडून आलं?" वर नवऱ्याच्या हातातला चहा पेपरवर सांडला. मी गाडी बंद केली आणि बॉनेटवर हात ठेवून काही झालंच नाही अशी उभी राहिले.

चाचा परतल्यावर मी कबुली दिली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाई, तुमी दाताला आदी टोपी बसवता आन् मग किडका भाग काढता व्हय?"

"नाही."

"मग? आदी प्लग. मग पॉइंटची फट. ती हलली की ठिणगीची वेळ हलली, म्हनून वेळ तिच्या मागनं. कार्बोरेटर सगळ्यात शेवटाला."

मी हे दवाखान्यातल्या पॅडवर लिहून घेतलं आणि पोर्चच्या भिंतीला चिकटवलं. मग सगळं पहिल्यापासून. चाकावरची खूण काजळीने काळी पडली होती, लाइटमध्ये नीट दिसेना; मागच्या वेळी मी अंदाजानेच वेळ जुळवली होती. चाचा चुना शोधायला निघाले, मी आत जाऊन दात भरायचं पांढरं सिमेंट आणलं, खुणेत भरलं आणि वाळवलं. आरसा खाली धरला. लाइटच्या लुकलुकीत ती पांढरी रेघ जागच्या जागी उभी राहिली. "आरं बाबौ," चाचा म्हणाले. त्या खुणेला अजून कीड लागलेली नाही.

कार्बोरेटरची पाळी आली तेव्हा त्या नळीचा उलगडा झाला. गाडीला कार्बोरेटर दोन. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. दोन्हींचा फुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. चाचांनी नळी कानाला लावली. स्क्रू फिरवला. पुन्हा लावली. "बराबर हाय," ते म्हणाले.

मला बरोबर वाटत नव्हतं. गाडी जागेवर थरथरत होती. "आता?" त्यांनी विचारलं, पण बघत होते माझ्या चेहऱ्याकडे. थोडं फिरवलं. "आता?" पुन्हा माझ्याकडेच.

खुर्चीचा हात घट्ट धरून "अजिबात दुखत नाही" म्हणणारी माणसं मी रोज बघते. मी इंजिन बंद केलं.

"चाचा, ऐकू येत नाही ना?"

ते बराच वेळ नळीचं टोक पुसत राहिले. "डावा गेलाय. उजवा जायला लागलाय. लेथपाशी उभं ऱ्हाऊन चाळीस वर्सं झाली. घरात ठाऊक हाय, धंद्यात कुनाला न्हाई."

मी नळी त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या कानाला लावली. पुढचा कार्बोरेटर शिट्टीआधीच्या कुकरसारखा वाजत होता, मागचा कुणी बशीतून चहा ओढावा तसा. मी बोटाने खुणा करायची आणि त्यांनी केसाएवढा स्क्रू हलवायचा. अर्ध्या तासात दोन्हीकडून एकच आवाज यायला लागला. मी अंगठा वर केला. चाचांनी बॉनेटवर हात ठेवला, थरथर थांबलेली त्यांना तिथे कळली, आणि ते इतके हसले की मी बसवलेली दाढ दिसली.

पुढे मी त्यांना मिरजेत कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. यंत्र मिळालं. ते म्हणतात, जग लय बडबड करतंय, मला आदी म्हाइतीच नव्हतं.

मामांच्या वाढदिवसाला सकाळी नवरा आणि मी निघालो. कराडपर्यंत गाडी सुरेख आली. ट्रकवाले हॉर्न देऊन हात करत होते. कराड सोडलं आणि इंजिनाने गचके द्यायला सुरुवात केली. मी गाडी कडेला घेतली, झाकण उघडलं. पॉइंटचा स्क्रू मी नीट आवळला नव्हता, फट मिटत आली होती. दोन मिनिटांचं काम. मी फीलर गेजसाठी हात पुढे केला.

नवऱ्याने पिशवी उलटी केली. गेज नव्हता. मी शनिवारी तो चुकून दवाखान्याच्या ट्रेमध्ये ठेवला होता, आणि माझ्या मदतनीस बाईंनी तो बाकीच्या हत्यारांबरोबर धुऊन, उकळून, निर्जंतुक पाकिटात बंद करून ठेवला होता. हे फोनवर त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

उसाचा ट्रॅक्टर थांबला. वरून प्रश्न आला, "काय झालं वो ताई?"

"फट मोजायला काही नाही."

"कसली फट?" त्यांनी विचारलं. पण मी तोवर पर्समध्ये हात घातला होता. मामांची कवळी एका बाजूला लागत होती, म्हणून मी चावा तपासायचा निळा कागद बरोबर घेतला होता. रोगी त्यावर दात चावतो, जिथे जास्त लागतं तिथे निळा डाग पडतो. माझा कागद बरोबर दोनशे मायक्रॉनचा. दुमडला की चारशे, म्हणजे शून्य पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. हवी होती शून्य पूर्णांक अडतीस शतांश.

"पाच टक्के चूक," नवरा म्हणाला.

"उतर आणि ढकल," मी म्हणाले.

कागद फटीत घालून स्क्रू आवळला, निळा रंग रुमालाने पुसला. ढकलावं लागलं नाही. पहिल्या फेरीत इंजिन सुरू झालं. ट्रॅक्टरवाले दादा उतरून बघत होते. "ताई कुठल्या ग्यारेजच्या?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "दाताच्या," तो म्हणाला. ते विचारात पडले आणि तसेच ट्रॅक्टरवर जाऊन बसले.

साताऱ्यात मामा इस्त्रीचे कपडे घालून फाटकात उभे होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि इंजिनाकडे कान करून ऐकलं. मी पाणी प्यायला आत गेले. मामी चहासाठी आलं ठेचत होती, हातात काहीतरी जड, चकचकीत. मी ते घेऊन पाहिलं. अर्धा इंची पाना, कडा अगदी कोऱ्या.

"मामी, हा कुठला?"

"गाडीबरोबर आला होता की. अख्खा संच कपाटात आहे, कातडी पिशवीत. हा आल्याला बरा पडतो."

"पण मामा तर इंजिन स्वतः लावायचे ना? घाटातून आल्यावर?"

मामीने भांडं गॅसवर ठेवलं. "ह्यांना पाना धड धरताही येत नाही. दर वेळी पोवई नाक्यावरचा मेकॅनिक घरी यायचा. हे शेजारी उभं राहून बोलायचे."

मामा दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि छताकडे पाहून म्हणाले, "कुणीतरी बोलावं तर लागतंच."

जेवणाआधी आम्ही दोघंच निघालो. मामांना वाटत होतं की मी चालवायला देईन. मी नाही म्हणाले. ते रुसून डावीकडे बसले. यवतेश्वरच्या पहिल्या चढाला त्यांचा हात आपोआप मधल्या गिअरवर आला. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"क्लच दाब," ते म्हणाले.

मी दाबला. त्यांनी दुसरा टाकला, जराही आवाज न करता. मग घाटभर तेच. मी फक्त पाय चालवायचा, वळण दिसलं की "दाब" असं ऐकायचं. वर पोचेपर्यंत त्यांची टोपी उडून मागे कुठेतरी गेली होती. मी थांबू का विचारलं.

"राहू दे," मामा म्हणाले. "तिसरा टाकतोय. दाब."