वैशालीला दिलेलं पुस्तक

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडतानाही कधी नीट शब्दांत बोललेलं नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत माझं नाव फार चांगलं आहे.

काल्हेरच्या एका गोदामात मी कामाला आहे. ऑनलाइन विकलेली पुस्तकं गिऱ्हाइकांनी परत पाठवली की ती आमच्या टेबलावर येतात. पाकीट फोडायचं, पुस्तक अंगठ्याखालून फरफर सोडायचं, पानं कमी नाहीत ना ते बघायचं. पूर्ण असेल तर रॅकवर, पान गेलेलं असेल तर रद्दीत. इतकी वर्षं तेच करतेय की आता पान गेलेलं पुस्तक मला हातात घेतल्या घेतल्या कळतं.

धाकटी मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास मला काहीतरी झालं. कारण? कारण काहीच नव्हतं, आणि हेच कुणाला पटत नव्हतं. शेलार गावात स्वतःचं घर, नवरा निर्व्यसनी, सासू तोंडाळ पण मायेची. तरी सकाळी वेणी घालायला हात वर जात नव्हता. रडूही येत नव्हतं. मुली शेजारी बसून हसायच्या आणि मला ते भिंतीपलीकडून ऐकू आल्यासारखं वाटायचं. मी नसते तर यांचं बरं झालं असतं, हे एकच मनात. दिवसभर.

आणि टेबलावर ती पुस्तकं. मन कसं जिंकावं, पहाटे उठून आयुष्य कसं बदलावं, आनंदी माणसं काय करतात. परत येणाऱ्या मालात सगळ्यात जास्त हीच असतात. लोक हौसेनं मागवतात आणि आठवड्यात परत पाठवतात, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं. फाटक्या कव्हरची घरी न्यायला सुपरवायझर नाही म्हणायचे नाहीत. मी पिशवी भरभरून नेली. आरशासमोर उभी राहून ‘मी सुखी आहे’ म्हणून बघितलं. सासूनं ते दारातून पाहिलं आणि संध्याकाळी मीठमोहरीनं माझी दृष्ट काढली.

मग एक बारीकसं पुस्तक आलं, कुणा डॉक्टरनं लिहिलेलं. त्यात वेणी न घालणाऱ्या बाईबद्दल लिहिलं होतं. भिंतीपलीकडच्या आवाजाबद्दलही. माझ्याबद्दल कुणी छापलंय, असं वाटून मी दचकले. त्यातल्या एका पानावर लिहिलं होतं की हे आळसाचं लक्षण नाही, हा आजार आहे. मरणाचे विचार येत असतील तर पुस्तक बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा, औषध घेण्यात लाज नाही. त्या ओळींखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. समासात ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचे वार आणि वेळ लिहून ठेवली. आणि गेले.

घरी सांगितलं, कंबर दुखते, अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर जाते. आमच्याकडे ठाण्याला डॉक्टरकडे जाते म्हटलं की लोक एकच अर्थ घेतात — वेड्यांचं इस्पितळ. म्हणून दर महिन्याला टॉवेल घेऊन निघायचं, ठाण्याहून परत यायचं, आणि घराजवळच्या नळाखाली टॉवेल ओला करून दोरीवर टाकायचा. कुंडाच्या पाण्याला वास असतो. माझ्या टॉवेलला कधीच आला नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मी बरी झाले. हळूहळू, पण झाले. एका संध्याकाळी डाळीला फोडणी दिली आणि लसणीचा वास आला, तेव्हा कळलं की कित्येक महिने मला कसला वासच येत नव्हता. गोळ्या कॅल्शियमच्या डबीत असायच्या, त्या कुणाला दिसल्या नाहीत. हातातलं पुस्तक सगळ्यांना दिसत होतं. शेजारच्या हळदीला सासूनं भर मांडवात सांगितलं, “आमचे सुनंनी पुस्तका वाचून दुखना पलवला.” बायका माझ्याकडे वळल्या. मी हसले. नाही म्हटलं नाही.

मुलींची लग्नं व्हायची आहेत, म्हणून गप्प बसले — असं मी स्वतःला सांगत आले. पण खरं सांगू? मला ते आवडलं होतं. बचत गटात मला बोलायला उभं करायला लागले. बायका वाटेत थांबवून विचारायच्या. दहावी नापास बाई मी, पण लोक माझ्याकडून पुस्तकं मागून न्यायचे. गोळी खाऊन बरं झालेल्या बाईला कोण उभं करतं?

मग वैशाली. माझी धाकटी जाऊ, अकलोलीकडची. हसरी पोरगी, भाकरी थापताना गाणं म्हणायची. तिच्या मुलाच्या, ओमच्या, बाळंतपणानंतर तिचं गाणं थांबलं. बाळ मांडीवर रडायचं आणि ती भिंतीकडे बघत बसायची. पाणीही कुणी हातात दिलं तरच प्यायची. केसांची जट झाली होती. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. अख्ख्या घरात मला एकटीला कळत होतं की तिला काय झालंय — आणि काय करायला हवं, तेही.

तिची आई आली. चहा झाला, आणि मग सगळ्यांसमोर मला म्हणाली, “बाय, तूच सांग. पोरीला डाक्टरला दाखवू का? तुला ह्यातला सगला ठावा हाय.” मग थोडं हसून म्हणाली, “कुंडावर येतंस, आमचे घरी पाय लावत न्हायस.”

ती बिचारी सहज बोलली. मी मात्र मनात हिशेब करायला लागले. हिला माहीत असेल का? कुंडावर कधी दिसलेच नाही, हे हिनं कुणाला सांगितलं तर? सासू बघत होती, दीर बघत होता. सगळे माझ्या शब्दाची वाट बघत होते. आणि मी म्हणाले, डॉक्टर कशाला? मी गेले होते का कधी? मनाचं आहे, मनानंच जाईल. मी तिला पुस्तक देते.

दिरानं तिथल्या तिथे डॉक्टरचा विषय सोडला.

अजून खरं राहिलंय. दुसऱ्या दिवशी ते बारीक पुस्तक मी गोदामात घेऊन गेले. वैशालीला तेच द्यायचं होतं, कारण खरं तेवढंच होतं. पण त्या पानावर माझं अक्षर होतं, डॉक्टरचे वार होते. मी पट्टी धरून ते पान शिवणीपाशी कापलं, कुणाला कळणार नाही असं, आणि रद्दीच्या ढिगात टाकलं. लिहिलेलं पेन्सिलीनं होतं. खोडरबर माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं. पुसता आलं असतं. मग पान का कापलं? — कारण तिनं ते वाचलं असतं तर तीही डॉक्टरकडे गेली असती, बरी झाली असती, आणि सगळ्यांना सांगितलं असतं की गोळ्यांनी झाले. मग माझं काय राहिलं असतं?

पुस्तकाला खाकी कव्हर घालून मी तिला दिलं. तिनं ते डोक्याला लावलं.

पुढचं लवकर झालं. एका दुपारी ती बाळाला घरात टाकून खाडीच्या बाजूला चालत गेली. कुणीतरी ओळखलं, परत आणलं. दीर घाबरला, चिडला, आणि तिला माहेरी पोहोचवून आला. तिकडे भगत झाले, नवस झाले. ओम आमच्याकडेच राहिला. आता बालवाडीत जातो. मला आई म्हणतो. सुरुवातीला ‘मोठी आई’ म्हणायचा. ‘मोठी’ कधी गळालं ते मला आठवत नाही, आणि मी ते परत लावलंही नाही.

वैशाली फोन करते. पोराशी बोलायला करते, पण तो पळून जातो, मग माझ्याशी बोलते. आवाज सपाट. अजून तेच पुस्तक वाचते. परवा म्हणाली, “ताई, यात मधी एक पान न्हाय. आकडा सुटतो. त्यावर काय होता?”

किती सोपं होतं. एक वाक्य होतं. ओम पलंगावर उड्या मारत होता, नवरा बाहेर होता, ऐकायला कुणी नव्हतं.

मी म्हणाले, काही नाही गं, छापताना आकडा चुकतो. आमच्याकडे अशी खूप येतात.

तिला लगेच पटलं. पुस्तकांतलं मला कळतं, असं तिला अजून वाटतं. मग म्हणाली, “मंजे पुस्तक पुरा हाय. मंग माझ्यातच कायतरी कमी हाय.”

मी फोन ठेवला, ओमला जेवायला वाढलं. मग कॅल्शियमच्या डबीतून माझी गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली.