लंबूकाकूची चाल

माझ्या ताईचा डावा पाय जन्मापासूनच आखूड. गल्लीतली पोरं तिच्यामागून तशीच झुकत झुकत चालून दाखवायची आणि मी दगड घेऊन त्यांच्यामागे धावायचे. ताई वळूनही बघायची नाही. घरी येऊन दार लावून घ्यायची आणि आरशासमोर सरळ चालायचा सराव करायची. दाराच्या फटीतून मला सगळं दिसायचं.

शाळा संपली आणि ती पडदे शिवायच्या दुकानात लागली. एक दिवस तिथे एक माणूस आला, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मूळचा सुतार, पण रस्त्यावर नाटकं करायचं खूळ डोक्यात शिरलेलं. त्याला बाहुलीसाठी झगा हवा होता, दोन माणसांएवढ्या उंच बाहुलीसाठी. माप घ्यायला ताई त्याच्या नाटकमंडळीच्या शेडमध्ये गेली. वेताचा सांगाडा पाठीवर चढवून बघितला, वरून चादरी सोडल्या, आणि तिचे पाय कुणालाच दिसेनात. त्या दिवशी घरी आली ती नोकरी सोडूनच.

बाबा भडकले. "लष्करच्या भाकऱ्या भाजायला शिकवलं का तुला?"

"पडदे तरी कुठे आपल्या खिडक्यांचे शिवत होते?" ताई म्हणाली. आईने ताटं वाढली. बाबा चार दिवस धुसफुसले आणि पहिल्याच खेळाला सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले.

त्या बाहुलीला लोकांनीच नाव दिलं, लंबूकाकू. लांब नाक, कपाळाला आठ्या, आणि जिथे तिथे नाक खुपसायची सवय. दवाखान्याच्या आवारात, भाजीबाजारात, शाळेच्या फाटकाशी ती यायची. कुठे नळाला पाणी का नाही ते विचारायची, कुठे दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या खिडकीपाशी वाकून नुसती बघत राहायची. पोटाशी जाळीची छोटी खिडकी, तिच्यातून ताईला समोरचा रस्ता तेवढा दिसायचा.

मास्तर थकला तेव्हा मंडळी ताईच्या हाती आली. मंडळी दरवर्षी काकूची मिरवणूक काढायची, आणि तिच्याआधी ताई एकेका वस्तीत मुक्काम ठोकायची. नर्स, खाटीक, रिकामटेकडे सासरे, सगळ्यांना कागदाचे मुखवटे करायला बसवायची. "खळीत हात बुडवल्याशिवाय मिरवणूक आपली वाटत नाही," म्हणायची. आमच्या घरात त्या खळीचा आंबूस वास कायमचा मुरला होता. आता तो कुठे येत नाही, आणि मला त्याची फार आठवण येते.

सांगाड्याच्या डाव्या पट्ट्याखाली ताईने एक जाड गादी शिवली होती. त्या गादीमुळे काकू ताठ चालते, असं ती समजून होती. खेळाचं चित्रीकरण कुणी दाखवायला आणलं तर म्हणायची, "शिळं कशाला बघायचं?"

मग गुडघे गेले. डॉक्टरांनी बजावलं, पाठीवर आता ओझं नाही. काकूसाठी पाववाल्याची मुलगी तयार झाली. चांगली दणकट पोरगी, पण ताई धड जेवेना.

"काकूच्या पोटात मी सरळ होते गं," ती मला म्हणाली. "जगात तेवढी एकच जागा होती."

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी तालीम होती. ताईने गादी स्वतःच्या हाताने उसवून काढली. पोरगी आत शिरली, चालू लागली, आणि काकू डावीकडे झुकायला लागली.

"पट्टा तिरका बसलाय का?" ताईने विचारलं.

"नाही," पोटातून आवाज आला.

"मग लंगडतेस का?"

"ताई, काकू अशीच चालते ना. लहानपणी आम्ही डोक्यावर उशी घेऊन अशाच चालायचो."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"खरं," मी म्हणाले. "खाली बोटभर झुकायचं, ते वर हातभर दिसायचं. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक असतं तर मी कशाला रस्त्यावर गेले असते?" तिने उसवलेली गादी बाजूला टाकली. मग पोरीला म्हणाली, "उद्या सरळ चालायचं."

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला आम्ही खुर्च्या टाकल्या. आजवर आतून चालवलेली काकू ताई मिरवणुकीत पहिल्यांदाच बाहेरून बघत होती. काकू आली. ताठ, सरळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण तोंडदेखल्या. शेजारी एक लहान मुलगी आईला विचारत होती, "काकू बरी नाहीये का?" वरच्या खिडकीतला म्हातारा तर सरळ म्हणाला, "ही आपली काकू नव्हे."

ताई उठली. मिरवणूक अडवून काकूच्या पोटाशी गेली आणि जाळीवर टिचकी मारली. "चाल बाई, तुला येते तशी."

काकू डावीकडे झुकली, सावरली, पुन्हा झुकली. सगळा रस्ता ओरडला. फुटपाथवरची पोरं धावत तिच्यामागे गेली आणि तशीच झुकत झुकत चालायला लागली. जुन्या सवयीने माझी नजर दगड शोधायला खाली गेली. वर बघते तर ताई खुर्चीकडे परत न येता त्या पोरांच्या मागून निघालेली.

एका पोराने मागे वळून तिला नीट न्याहाळलं.

"आजी," तो म्हणाला, "तुम्हाला सगळ्यात भारी जमतंय."