उभ्या प्रवाशांच्या उमाटे मॅडम

उमाटे मॅडमची आणि माझी पहिली भेट महाल भागातून जाणाऱ्या सिटी बसमध्ये झाली. खांद्याला कसलंसं यंत्र अडकवलेल्या एक वयस्कर बाई उभ्या दिसल्या, म्हणून मी उठून जागा दिली. "बस तू. मले उभंच राहायचं आहे," त्या म्हणाल्या. हवेतला धूर आणि धूळ मोजणारं ते यंत्र त्यांनी उभ्या प्रवाशाच्या नाकापाशी धरलं होतं. पुढे मी त्यांचा विद्यार्थी झालो आणि त्यांनी मलाही वर्षानुवर्षं उभंच ठेवलं.

चौकात यंत्र लावून शहराच्या हवेवर बोलणारे पुष्कळ आहेत. बसमधला माणूस काय श्वासात घेतो, हे त्याच्या शेजारी उभं राहूनच कळतं, असा मॅडमचा हट्ट. उन्हाळ्यात त्यांच्या पिशवीत कैरीचं पन्हं असे आणि पहिला पेला ड्रायव्हरला जाई. आम्हा विद्यार्थ्यांचा नंबर शेवटी. त्याचा राग मला अजून आहे.

एकदा इतवारी बाजाराकडे जाताना यंत्रावरचा आकडा एकदम चढला. सगळी बस शिंकू लागली. सीटखाली भिवापुरी मिरचीपुडीचं पोतं सापडलं आणि आम्ही विद्यार्थी खूश झालो, कारण मिळालं! पोत्याचा मालक भडकला. "माह्या मिरचीले काहून बदनाम करता गा?"

इतवारीला तो पोतं घेऊन उतरला. शिंका थांबल्या, आकडा मात्र फारसा उतरला नाही. आम्ही यंत्र बिघडलं म्हणून ते झटकत बसलो. मॅडमचं लक्ष कंडक्टर रंजनाबाईंकडे होतं. त्या इंजिनाच्या झाकणाजवळ डोकं धरून उभ्या होत्या. "रोजच दुखून राहते मॅडम. उलटीसारखं होते. आता नोकरीच सोडते म्हणते मी." त्यांच्या एकटीच्या कमाईवर घर चालत होतं. मॅडमनी यंत्र झाकणाच्या फटीशी नेलं. बसचा स्वतःचाच धूर तिथून आत येत होता.

डेपोतले साहेब म्हणाले, "थोडाफार धूर तर चालतेच." मॅडम भांडल्या नाहीत. "एक फेरी आमच्यासोबत मारा. बसू नका फक्त, रंजनाजवळ उभे राहा," एवढंच म्हणाल्या. साहेब आले. परतताना खिडकीला नाक लावून उभे होते. ती बस लगोलग दुरुस्तीला गेली. मग साहेबांनी बाकीच्या बसचीही झाकणं तपासायला घेतली आणि शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद ठेवायची सवय ड्रायव्हरांना लागली. मला त्या दिवशी माझ्या गुरूंचा फार अभिमान वाटला. तो आजही तेवढाच आहे.

मॅडमच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी शुभेच्छा मागायला मी रंजनाबाईंना गाठलं. त्या अजून त्याच मार्गावर कंडक्टर आहेत. म्हणाल्या, "पहिले मी घरी गेली का अंधार करून पडत होती. पोरगी दाराबाहेर बसून राहे. आता आम्ही दोघी मिळून स्वयंपाक करतो. त्यायले माहं आयुष्य लागो, असं लिहा."

हा निरोप सांगितला, तर मॅडम माझ्यावरच रागावल्या. "तिचं आयुष्य तिलेच राहू दे! मले माहं पुरते. आणि तू लिहीतच बसशील, का उद्या बसमध्ये येशील?"

मॅडम, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. उद्या येतो.