सहा अँपिअरची लाईन

माझी धाकटी जाऊ जनकाबाई तिसरी शिकलेली. पण आमच्या साखरा गावात कोणी इस्त्री आणो की शेगडी, बोर्डात लावायच्या आधी तिलाच बोलावत्यात. ती वस्तू उलटी करते, पट्टीवरचा आकडा वाचते, बोटांवर बेरीज करते अन् कुठं लावायची ते सांगते. मी पैले हसायचे. "आली बाई आमची इंजिनेर!" माझं तोंडच तसलं.

ती हे काहून शिकली, ते ऐका. तिचा नवरा, म्हंजे माझा दीर ग्यानबा, बारा वर्षं खडी केंद्रावर होता. धूळ खाऊन छाती गेली. मग घरी ऑक्सिजनची मशीन आली, दिवसरात चालणारी. रत्नपाल वायरमननं खिडकीजवळ बोर्ड बसवला अन् जनकाला समजावलं, "काकू, ही लाईन सहा अँपिअरची. मशीन दोन घेते, पंखा-दिवा मिळून एक. जाड पिनेचा प्लग सोळाचा असतो, त्यो हितं लावायचा न्हाई. लावला तर बटण पडंल अन् मशीन बंद." तवापासून ती त्या बोर्डात फोनबी लावू देईना.

मग माझ्या शीतलचं लगीन आलं. थंडीचे दिवस, नवरदेवाकडचे वाशिमचे, त्यांना कॉफी पाहिजे. कनेरगाव नाक्याहून कॉफीची मशीन आणली, तर तिचा प्लग ह्यो जाड! जनरेटरवाल्यानं हात वर केले, "भोंगे अन् दिवे, बास." आमच्या घरच्या लाईनीवर आधीच पाण्याची मोटर. जनकाचं घर भिंतीला भिंत लागून, तिच्या बोर्डावरून मी वायर मागितली.

"न्हाई जमणार, बाई," ती साऱ्या बायांसमोर म्हणली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घरचं लगीन अन् एक वायर देईना! तुझा बोर्ड काय सोन्याचा हाय?"

कॉफीवाल्याकडं मोठा प्लग बारक्या भोकात बसवायची जोडणी होती. त्रिशरण-पंचशीलाची येळ झाली तशी मी जनकाला हाक मारली, "पोरीची एकच काकू तू, पाच मिनिटं तरी उभी ऱ्हा." खरं सांगते, तिला घरातून काढायलाच बोलावलं. ती मंडपात आली अन् मी मागून खिडकीतून हात घालून प्लग दाबला. ग्यानबा डोळे मिटून पडला होता. मला वाटलं, झोपला.

चार कप झाले न् झाले, कॉफीवाला बंद पडलेल्या मशीनवर थापा मारायला लागला. इकडं वंदना चालू होती. करंट गेला की ऑक्सिजनची मशीन पिपाणी वाजवते, पण भोंग्यापुढं कोणाला ऐकू जाणार? जनकानं कॉफीवाल्याकडं पाहिलं, मग जमिनीवरच्या वायरीकडं पाहिलं. वायर तिच्याच खिडकीत गेलेली. मुठीतली फुलं तशीच घेऊन ती पळाली. मी तिच्या मागं.

ग्यानबाचे ओठ जांभळे पडले होते. तिनं प्लग उपसून फेकला, बटण वर केलं, नळी नाकाला नीट लावली अन् पाठ चोळत बसली. काय केलं मी हे! बऱ्याच येळानं त्याचा श्वास जाग्यावर आला. जनका माझ्याकडं न बघता म्हणली, "जा बाई, पोरगी वाट पाहून राहिली."

लोकांना तिनं सांगितलं, कॉफीची मशीनच खराब होती. मला वाटलं, प्लग कॉफीवाल्यानंच लावला असं ती समजली. मी बी तोंड उघडलं न्हाई. त्यानंतर ग्यानबा चौदा महिने जगला. मी रोज सकाळी त्याला चहा न्यायचे. "वैनी, साखर महाग झाली काय?" म्हणून त्यो चिडवायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यो गेला. पुण्यानुमोदन झाल्यावर मला राहावलं न्हाई. जनकाचे पाय धरले. "माय, त्या दिवशी प्लग म्याच लावला होता गं."

"ठावं हाय," ती म्हणली.

"तू पाहिलं?"

"म्या न्हाई, त्यांनी पाहिलं. ते जागे होते, बाई. खिडकीतला तुमचा हात दिसला, पण हाक मारायला दम पुरला न्हाई. पोरगी सासरी गेल्यावर मला म्हणले, वैनीला बोलशील तर माझी आन हाय."

चौदा महिने त्यो रोज माझ्या त्याच हातातून कप घेत होता.