जागृत ज्वालामुखी, मुलचेरा ते गडचिरोली

मी मुलचेऱ्याच्या हायस्कूलात भूगोल शिकवत होते तेव्हा मुलचेरा तालुका झालेला नव्हता आणि गडचिरोली जिल्हा होऊन फार दिवस लोटले नव्हते. नव्या जिल्ह्याचं सगळंच नवं. कलेक्टर नवा, पाट्या नव्या आणि जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शनही नवं. त्यात शाळेचं नाव झळकलं पाहिजे, असं आमच्या मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं. विज्ञानाचे सर नेमके त्याच आठवड्यात लग्नाला गेले होते. लग्न त्यांचं स्वतःचंच असल्यामुळे त्यांना कोणी काही म्हणू शकलं नाही. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, भूगोल म्हणजे अर्धं विज्ञानच हाय. तुम्ही करा काहीतरी."

मी ज्वालामुखी करायचं ठरवलं. मातीचा डोंगर, वर खड्डा, खड्ड्यात खायचा सोडा. वरून लाल रंग घातलेला लिंबाचा रस ओतला की फसफसून लाव्हा बाहेर येतो. नववीतली दोन मुलं मदतीला घेतली. एक मुलगी जवळच्या बंगाली वस्तीतली. तिचे आजी-आजोबा पूर्व बंगालातून, पद्मा नदीच्या काठावरून उठून इथे आले होते, पण ती स्वतः इथली झाडीपट्टीची मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलायची. दुसरा मुलगा जंगलातल्या गोंड पाड्यावरचा. तो बोलायचा कमी, हात मात्र सतत चालू.

आमचा डोंगर काही केल्या जमेना. माती वाळली की तडकायची. तिसऱ्यांदा तडकला तेव्हा तो मुलगा निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी घमेल्यात एक अख्खा ज्वालामुखी घेऊन आला. निमुळता, खडबडीत, पुस्तकातल्या चित्रासारखा. वारुळाचा शेंडा होता तो.

"यात साप तर नाही ना रे?" मी विचारलं.

"नाई बाई. हालवून पाह्यलं."

आम्ही सळईने वरून भोक पाडलं, आत पत्र्याची डबी बसवली आणि रस ओतला. काय फसफसला म्हणता! मुख्याध्यापकांनी दोन वर्ग सोडून मुलं पाहायला आणली. मग तो तडकू नये म्हणून ओलं पोतं गुंडाळून प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत कोठीच्या खोलीत ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही पहाटेची एसटी पकडली. घमेलं माझ्या मांडीवर, कारण मुलं म्हणाली की खाली ठेवलं तर हादरे बसतील. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"बाई, हे काय हाय?"

"ज्वालामुखी."

त्याने पोत्याचं टोक उचलून पाहिलं. "आतमधी काही जिवंत नाई ना? कोंबडीचंबी तिकीट लागते आमच्याकडं."

"नाही हो. मातीचा आहे."

ज्वालामुखीचे तीन प्रकार असतात, मृत, निद्रिस्त आणि जागृत, हे मी मुलांकडून घोकून घेतलं होतं. परीक्षकांपुढे काय बोलायचं त्याची उजळणी मुलीने गाडीतच सुरू केली. खणखणीत आवाजात ती म्हणाली, "हा जागृत हाय!"

पुढच्या बाकावरची एक म्हातारी गर्रकन वळली. "जागृत हाय? कोनच्या गावचा?"

"आजी, तसा जागृत नाही," मी म्हणाले. "देव नाही हा. डोंगर आहे. आतून आग येते त्याच्या."

"आग येते?" म्हातारीने हात जोडले. "मंग तर लयच जागृत हाय वं!"

मी समजावायला गेले आणि जास्तच फसत गेले. पृथ्वीच्या पोटात, शिलारस, दाब, असं काय काय सांगितलं. म्हातारीने सगळं भक्तिभावाने ऐकून घेतलं, कनवटीची पुडी सोडली आणि ज्वालामुखीला हळदीकुंकू वाहिलं. मग मागच्या बाईने वाहिलं. चामोर्शी येईपर्यंत उतरणारा प्रत्येक माणूस माझ्या मांडीला नमस्कार करून उतरत होता. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून देव्हारा नव्हता. मूल गावी राहणाऱ्या माझ्या बाबांनी मला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, या विचाराने मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. तर एका माणसाने मलाही नमस्कार केला.

गडचिरोलीला एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. आमच्या शेजारी एका मोठ्या शाळेचं पुठ्ठ्याचं धरण होतं, त्यावर खरा दिवा लागत होता. आमच्या मुलांची नजर त्या दिव्यावरून हलेना. तेवढ्यात परीक्षक आले. जाड चष्मा, खिशाला दोन पेन, नागपूरहून आलेले. त्यांनी वाकून पाहिलं.

"हे लाल काय आहे?"

"लाव्हा, सर," मुलगी पटकन म्हणाली. मी छताकडे बघत राहिले.

"बरं. करा उद्रेक."

तिने रस ओतला. काहीच झालं नाही. रस उतारावरून ओघळला आणि टेबलक्लॉथवर त्याचं लाल तळं झालं. तिने आणखी ओतला. तरी शांत. मुलाने काडी घेऊन वरचं भोक चाचपलं, तर भोकच नव्हतं. तिथे ताज्या ओल्या मातीचं घट्ट बूच बसलं होतं. त्याने काडी जोर लावून आत घातली आणि फिरवली.

मग उद्रेक झाला. पांढऱ्या, इवल्या इवल्या वाळव्या भराभर वर आल्या, कडेवरून खाली उतरल्या आणि टेबलावर पसरल्या.

परीक्षक चष्मा सावरत म्हणाले, "हा लाव्हा चालतो आहे."

"वाळवी! वाळवी!" शेजारचे धरणवाले सर ओरडले आणि पुठ्ठ्याचं धरण दिव्यासकट कवेत घेऊन पळाले. वायर तुटली. हॉलभर एकच धांदल. ज्याचं त्याचं मॉडेल पुठ्ठ्याचं, कागदाचं. जो तो आपली सूर्यमाला उचलून दाराकडे धावत होता.

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण आमची मुलगी जागची हलली नाही. तिने पाठ केलेलं सगळं निरुपयोगी झालं होतं, म्हणून ती न पाठ केलेलं बोलायला लागली. "सर, आमी भोक पाडलं, तं यायनं बुजवून टाकलं. पोतं ओलं होतं ना, मंग यायले माती भेटली. बघा, आताबी बुजवून राह्यल्या."

खरंच. काडीने पाडलेल्या भोकाच्या कडेला काही वाळव्या मातीचे कण आणून लावत होत्या. परीक्षक खुर्ची ओढून बसले. त्यांनी मुलाला विचारलं, आणि तो चक्क सलग तीन वाक्यं बोलला, दोन मराठीत आणि एक गोंडीत. बाकीची टेबलं वाट पाहत राहिली.

निकालात आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पुकारणारे गृहस्थ माईकवर म्हणाले, "मुलचेरा हायस्कूल, ज्वालामुखी..." मग त्यांनी मागे वळून कोणाला तरी विचारलं, तेही माईकमध्येच ऐकू आलं, "का वाळवी?"

तिथल्या शिपायाने आमचं घमेलं हॉलमध्ये क्षणभरही ठेवू दिलं नाही. आम्ही वारूळ मैदानामागच्या मोहाच्या झाडाखाली ठेवून आलो आणि एसटी स्टँडवर भजी खात बसलो. मुलीने बक्षिसाचा छोटा कप हातात खेळवत ठेवला होता.

"बाई, तुमी खरा ज्वालामुखी पाह्यला का?"

"नाही गं."

"समुद्र?"

"नाही." नागपूरच्या पलीकडे मी कुठे गेले नव्हते. हिमनदी, प्रवाळ, टुंड्रा, सगळं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे शिकवत होते.

"मंग तुमाले कसं मालूम?"

"पुस्तकातून."

तिने मान डोलावली. त्यात चेष्टा नव्हती, माझी थोडी दया असावी. मग ती मुलाकडे वळून म्हणाली, "पुढच्या साली वाळवीच आनू. थे तं बाईनंबी पाह्यली हाय."

मुलाने शेवटचं भजं उचललं आणि म्हणाला, "पन एसटीत नाई सांगाचं."